मदत हवी आहे: वाचनालयाच्या साइटवरचा मेनू आयफोनवर उघडतो, अँड्रॉइडवर लगेच मिटतो

पानखूण:

मंडळी, मी एका तालुक्याच्या गावी 'ब' वर्ग वाचनालयात ग्रंथपाल आहे. प्रोग्रॅमिंग येत नाही, पण साइट बघायला दुसरं कोणी नाही म्हणून मीच बघते. २००४ साली तेव्हाच्या कार्यवाहांच्या पुतण्याने ती फुकट करून दिली होती.

पानाच्या माथ्यावर पाच शब्दांची पट्टी आहे. त्यातल्या 'पुस्तके'वर माउस नेला की खाली यादी उलगडते: कथा-कादंबरी, चरित्रे, बालविभाग, दिवाळी अंक, नवीन खरेदी. हे काम जावास्क्रिप्टची एक फाइल करते. त्या काळी फुकट स्क्रिप्टचे संग्रह असायचे, तिथून पुतण्याने ती उचलली. फाइलच्या सुरुवातीला दहा-बारा ओळी आपण बदलायच्या: मेनूची रुंदी १६०, मागचा रंग, माउस काढल्यावर किती वेळाने मिटायचं ते. मग एक आडवी रेघ आणि इंग्रजीत ताकीद, की याच्या खाली काहीही बदलू नका. मी आजवर रेघेच्या वरच राहिले. रंग चारदा बदलला, दरवर्षी दिवाळी अंकांची नवी ओळ घालते, एवढीच माझी मजल.

तर अडचण. गेल्या महिन्यात होस्टिंगवाल्याने साइटला कुलूप बसवलं, म्हणजे पत्ता एचटीटीपीएसचा झाला. तेव्हापासून 'पुस्तके'वर माउस नेला तरी मेनू ढिम्म हलत नाही. आणि त्याच्याही आधीपासूनची तक्रार म्हणजे मोबाइल. माझ्या अँड्रॉइडवर 'पुस्तके'वर बोट टेकवलं की यादी क्षणभर चमकायची, मिटायची, आणि पान टुणकन वर जायचं. कार्यवाहांच्या आयफोनवर मात्र व्यवस्थित उघडायची. त्यामुळे मोबाइलचा काही घोटाळाच नाही, असं त्यांचं मत.

जाता जाता आणखी एक. वर कोपऱ्यात आजची तारीख येते, तिथे साल १२५ दिसतं. सातवाहनांच्या राज्यात राहतोय असं समजून सोडून दिलं होतं, पण कारण कळलं तर बरं.

कोड इथे डकवला की टोकेरी कंस गिळले जातात, म्हणून नावं देवनागरीतच लिहितेय. सांभाळून घ्या. आगाऊ धन्यवाद.

शेंगाचटणी:

आधी कुलपाचं बघू. क्रोममध्ये साइट उघडून एफ १२ दाबा. 'कन्सोल' नावाच्या कप्प्यात लाल ओळ असेल, तिच्यात काय लिहिलंय ते सांगा.

दूरदर्शी:

ताई, वर्डप्रेसवर (साइट बनवायची तयार प्रणाली) न्या. एका दिवसाचं काम आहे. २००४ ची साइट दुरुस्त करत बसणं म्हणजे पडक्या वाड्याला डिस्टेंपर मारणं.

पानखूण:

दूरदर्शी, एक दिवस तुमचा. माझा महिना जाईल, आणि पुढे त्याचे अपडेट कोण करत बसणार? वाडा जुना आहे, पण पडलेला नाही.

शेंगाचटणी, लाल ओळीत 'मिक्स्ड कंटेंट' आणि 'ब्लॉक्ड' असे शब्द आहेत, आणि आमच्याच मेनूच्या फाइलचा पत्ता.

शेंगाचटणी:

मग झालं. पुतण्याने फाइलचा पत्ता एचटीटीपीपासून पूर्ण लिहिलाय. पान कुलपातलं आणि स्क्रिप्ट बिनकुलपाची, ही जोडी ब्राउझर चालू देत नाही. चित्र असतं तर क्रोमने स्वतःच कुलपाचा पत्ता लावून बघितला असता, स्क्रिप्टला ती सवलत नाही. फाइल तुमच्याच साइटवर आहे, तेव्हा पत्त्यातून साइटचं नाव उडवा. फोल्डर आणि फाइलचं नाव तेवढं ठेवा.

दुसऱ्याच्या सर्व्हरवरून येत असती तर आधी ती उतरवून आपल्याकडे ठेवा म्हटलं असतं. २०२४ च्या जूनमध्ये पॉलिफिल डॉट आयओ या स्क्रिप्ट पुरवणाऱ्या साइटचं जे झालं ते बघितलंय ना? डोमेनचा मालक बदलला, आणि लाखभर साइटींनी विश्वासाने लिहून ठेवलेल्या त्या एका ओळीतून भलतंच काहीतरी येऊ लागलं.

सालाचं सोपं आहे. स्क्रिप्टमध्ये 'गेटइयर' वापरलंय. ते १९०० पासून किती वर्षं झाली तेवढंच सांगतं, म्हणून १२५. जुना इंटरनेट एक्स्प्लोरर २००० पासून पुढे चारही आकडे द्यायचा, त्यामुळे पुतण्याला तेव्हा बरोबर दिसलं असणार. तिथे 'गेटफुलइयर' करा.

पानखूण:

मेनू आला! सालही आलं! तारखेची दुरुस्ती रेघेच्या खाली होती. हात थरथरत होता, पण केली.

आता मोबाइल. तो जसाच्या तसा आहे: चमकतो, मिटतो, उडी.

अर्धविराम:

हे कोडं मला आवडलं म्हणून लॉगिन केलं. तुमच्या फाइलमध्ये अगदी खाली 'डॉक्युमेंट डॉट ऑनक्लिक' (म्हणजे पानावर कुठेही क्लिक झालं की काय करायचं ते) असं काही आहे का बघा. त्याच्यापुढे मेनू मिटवणाऱ्या फंक्शनचं नाव असेल.

पानखूण:

आहे! शेवटचीच ओळ. पुढे 'हाइडमेनू' लिहिलंय. फाइल न बघता तुम्हाला कसं कळलं?

अर्धविराम:

त्या पिढीच्या बऱ्याच मेनूंमध्ये ते असायचं. बाहेर कुठेही क्लिक केलं की मेनू मिटावा, एवढाच हेतू. कॉम्प्युटरवर तो निर्धोक होता.

मोबाइलला माउस नसतो, पण जुन्या साइटी चालाव्यात म्हणून ब्राउझर माउसचं सोंग घेतो. तुम्ही बोट टेकवून उचललंत की तो पानाला एका दमात सांगतो: माउस वर आला, हलला, बटण दाबलं, सोडलं, क्लिक झालं. अँड्रॉइडवर 'माउस वर आला' म्हणताच तुमची यादी उघडते, आणि त्याच दमातलं क्लिक मागोमाग येतं. ते क्लिक 'पुस्तके'वर थांबत नाही. तळ्यातल्या बुडबुड्यासारखं वर वर चढत शेवटी डॉक्युमेंटपर्यंत, म्हणजे अख्ख्या पानापर्यंत, पोचतं, आणि तिथे हाइडमेनू टपून बसलेला आहे. म्हणून यादी फक्त चमकते.

आयफोनचा सफारी मध्येच थांबतो. 'माउस वर आला' म्हटल्यावर पानात काही नवीन दिसू लागलं, तर त्या टॅपचं क्लिक तो पाठवतच नाही. वाचणाऱ्याला आधी ते नवीन बघायचं असेल, असं धरून चालतो. तेव्हा कार्यवाहांचा फोन खोटं बोलत नाहीये.

आणि पान उडतं ते दुव्याच्या पत्त्यात नुसता हॅश लिहिलाय म्हणून. नुसता हॅश म्हणजे पानाचा माथा.

उपाय: 'पुस्तके'च्या दुव्यालाच ऑनक्लिक लावा आणि त्यात दोन गोष्टी लिहा. आधी 'इव्हेंट डॉट स्टॉपप्रॉपगेशन', पुढे गोल कंसांची रिकामी जोडी आणि अर्धविराम (माझाच), मग 'रिटर्न फॉल्स'. पहिलीने बुडबुडा अडतो, दुसरीने उडी. हे पानातच लिहायचं असल्यामुळे रेघेखालच्या फाइलला हात लावायला नको.

पानखूण:

चाललं! आमच्या बालविभागातल्या मावशींच्या फोनवरही चाललं. मी फाइलीत दोन वर्षं रंग आणि मिलिसेकंद बदलून बघत होते. मिटायचा वेळ पार पाच हजारापर्यंत नेला होता.

कानोसा:

नमस्कार ताई, उशिरा वाचलं. या दुरुस्तीने डोळसांचं काम झालं. मला दिसत नाही, मी एनव्हीडीए हा स्क्रीनरीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) वापरतो आणि माउस हातातही घेत नाही. टॅब दाबत दाबत 'पुस्तके'वर येईन, एंटर मारीन, आणि काहीही होणार नाही. ऑनमाउसओव्हर, म्हणजे माउस वर आला की उघडणं, हे माझ्यासाठी भिंतीवर रंगवलेलं दार.

डीटेल्स आणि समरी हे पानाच्या कोडमधले दोन टॅग बघाल का? त्याला स्क्रिप्ट लागतच नाही. समरीत 'पुस्तके' हा शब्द, डीटेल्सच्या पोटात समरी आणि तिच्याखाली यादी. बोटाने उघडतं, माउसने उघडतं, एंटर किंवा स्पेसनेही उघडतं. आणि मला स्क्रीनरीडर सांगतो की हे मिटलेलं आहे की उघडलेलं. तुमच्याकडे ब्रेल किंवा ध्वनिपुस्तकं असतील-नसतील, पण यादी तरी वाचता यायला हवी.

शेंगाचटणी:

कानोसा, बरोबर. आम्ही मेनू दुरुस्त करायच्या नादात होतो, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. ताई, वाचनालय, पुस्तके, उपक्रम अशा तिन्ही डीटेल्सना 'नेम' एकच द्या. एक उघडलं की आधीचं आपोआप मिटतं.

पानखूण:

कानोसा, ध्वनिपुस्तकं आहेत, फक्त ती कुठल्या यादीत आहेत हे मलाही शोधावं लागलं. आता 'पुस्तके'त सगळ्यात वर घेतली.

काल रात्री बसून डीटेल्स केलं. दोन शंका. एक, मोबाइलवर एक उघडलं की दुसरं मिटतं, पण वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर तिन्ही उघडी राहतात. तिथे अजून विंडोज ७ आहे. दुसरी शंका जास्त टोचते: 'पुस्तके'तल्या 'पु'चा उकार खालून अर्धा कापला जातोय. 'पस्तके' वाचल्यासारखं दिसतं. ग्रंथालय निरीक्षक येणार आहेत हो.

अर्धविराम:

विंडोज ७ वर क्रोम १०९ व्या आवृत्तीच्या पुढे जात नाही. डीटेल्सचं सामायिक नाव क्रोमला १२० पासून कळतं. बिघडत काही नाही, फक्त तिन्ही उघडी राहतील. कोणी 'पॉपओव्हर' (बटण दाबलं की वर तरंगणारी चौकट) वापरा म्हणेल, चीज चांगली आहे, बाहेर टॅप केलं की मिटतंही. पण ते क्रोम ११४ पासून. तुमच्या कॉम्प्युटरवर बटण मुकं राहील आणि यादी कायम पसरलेली दिसेल. तेव्हा नको.

उकाराचं: स्टाइलच्या फाइलमध्ये पट्टीला 'लाइन-हाइट' १४ पिक्सेल आणि 'ओव्हरफ्लो हिडन' दिलं असणार. इंग्रजी अक्षरांच्या मापाने बेतलेलं आहे ते. आपल्याला वर वेलांटी-रफार आणि खाली उकार, दोन्हीकडे जागा लागते. लाइन-हाइट १.६ करा, पिक्सेल हा शब्द काढून, आणि ओव्हरफ्लोची ओळ उडवा. ठरावीक उंची दिली असेल तर तीही.

पानखूण:

उकार परत मिळाला. उंची १८ पिक्सेल होती, काढली. मेनूची जुनी फाइल आता पानाला जोडलेली नाही. पुसली नाही, 'जुने' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलीय.

काल संध्याकाळी एक निवृत्त मास्तर काउंटरवर उभं राहून स्वतःच्या फोनवर 'नवीन खरेदी' उघडून बघत होते. नंतर म्हणाले, यात गेल्या महिन्याची भर नाहीये. म्हणजे आता काम वाढलं.

एक शेवटचं. समरीच्या डावीकडे काळा त्रिकोण येतो, तो काढायला 'लिस्ट-स्टाइल नन' लिहिलं. अँड्रॉइडवर गेला, कार्यवाहांच्या आयफोनवर आहेच.

अर्धविराम:

सफारीला वेगळं सांगावं लागतं. समरीपुढे दोन अपूर्णविराम, मग 'वेबकिट-डीटेल्स-मार्कर' (वेबकिटच्या आधीही एक आडवी रेघ), आणि त्याला 'डिस्प्ले नन'.

पानखूण:

गेला. सगळ्यांचे मनापासून आभार. कार्यवाह विचारतायत, त्रिकोण का काढला, छान दिसत होता.