मदत हवी आहे: कंपनी विकली गेली, आता राजीनामा देऊन नव्याने रुजू व्हा म्हणतात

नमस्कार मंडळी. मी हिंजवडीत एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. नुकतीच ती एका मोठ्या परदेशी कंपनीने विकत घेतली. काम तेच, टीम तीच, पण निर्णय आता रात्रीच्या कॉलवर होतात. आम्ही जीव ओतून उभं केलेलं प्रॉडक्ट चालू राहणार की बंद होणार, हे मॅनेजरलाही सांगता येत नाही.

खरी अडचण कागदांची आहे. एचआर म्हणतं, जुन्या कंपनीचा राजीनामा द्या आणि नवं ऑफर लेटर घ्या. ग्रॅच्युइटीला (नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणारी एकरकमी रक्कम) सलग 5 वर्षं सेवा लागते आणि माझी पूर्ण व्हायला थोडेच महिने उरलेत. पीएफ यूएएनमुळे (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफ क्रमांक) ट्रान्सफर होईल, ग्रॅच्युइटीचं तसं नाही. लेटरमध्ये जुनी सेवा धरल्याचा उल्लेखच नाही, तोंडी मात्र "काळजी करू नका". व्हेस्ट न झालेल्या, म्हणजे अजून हक्काच्या न झालेल्या ईसॉप्सबद्दलही (कर्मचाऱ्यांना मिळणारे कंपनीच्या शेअर्सचे पर्याय) कोणी बोलत नाही.

यातून गेलेल्यांनी कृपया सांगा: राजीनाम्याऐवजी दोन्ही कंपन्यांच्या सहीचं ट्रान्सफर लेटर मागितलं तर देतात का? जुनी रुजू तारीख लेखी कशी मिळवावी? सही करण्याआधी वकिलाला दाखवावं का? शुक्रवारपर्यंत सही मागितली आहे, आणि टीममधली नवी मुलंही मी काय करतो ते बघून ठरवणार आहेत.