मदत हवी आहे: टॅलीचं विंडोज न हलवता त्याच लॅपटॉपवर उबुंटू कसं बसवू?

नमस्कार मंडळी,

सांगलीहून लिहिते आहे. मार्केट यार्डात सासऱ्यांची, म्हणजे आबांची, हळदीची अडत आहे आणि दुकानाचा हिशेब माझ्याकडे असतो. शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या पावत्या), हमाली-तोलाईची वजावट, खरेदीदारांची उधारी, सगळं टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये. लग्नाआधी माझं बीसीए झालं होतं. आता बारा वर्षांनी बाहेरून एमसीएला बसले आहे. यंदाच्या सत्रात लिनक्सचे प्रात्यक्षिक आहे, शेल स्क्रिप्ट आणि सी भाषा. घरात लॅपटॉप एकच, तोच दिवसा दुकानात आणि रात्री माझ्याकडे.

लॅपटॉप असा आहे: दहाव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी जी विंडोजमध्ये ४७६ दिसते, आणि विंडोज ११ होम. आधी व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे विंडोजच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात, उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) चालवून पाहिलं. टॅली आणि ब्राउझर उघडे असले की ते एवढं रखडतं की एक प्रोग्रॅम लिहायचा म्हटलं तरी तास जातो. म्हणून दोन्ही सिस्टीम शेजारी शेजारी हव्या आहेत.

आतापर्यंत केलेलं सांगते.

पेनड्राइव्हवर रुफस या प्रोग्रॅमने उबुंटू २४.०४ घेतलं. लॅपटॉप त्यावरून सुरू झाला, वायफाय चाललं, आवाज आला. पण इन्स्टॉल करायला गेले तर पुढे जाईना. 'या संगणकावर इंटेल आरएसटी चालू आहे, ते बंद करा' असा संदेश आला. बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये गेले, साटा मोड (डिस्क हाताळायची पद्धत) इंटेलच्या आरएसटीवरून साध्या एएचसीआयवर केला आणि सेव्ह केलं. त्यानंतर विंडोज सुरूच होईना. निळा पडदा, त्यावर 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि सकाळी सौदे होते. हात थरथरत होते, खोटं कशाला सांगू. मोड परत आरएसटीवर नेला तेव्हा विंडोज जसंच्या तसं उठलं. तेव्हापासून काही हात लावलेला नाही.

दुसरी अडचण जागेची. डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्हवर २६० जीबी मोकळी दिसते, पण 'श्रिंक' (ड्राइव्ह लहान करून जागा सोडवणं) केलं तर फक्त ३८ जीबी कमी करता येईल म्हणतं. बाकीची जागा कुठे अडकली?

दुरुस्तीच्या एका दुकानात विचारलं. ते म्हणाले, फॉरमॅट मारून दोन्ही नव्याने टाकून देतो. ते मला नको आहे. टॅलीचं लायसन्स आधी सरेंडर करून ठेवावं लागतं, ते त्यांनी विचारलंसुद्धा नाही. आणि दुसरं कारण त्याहून मोठं आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा गणपती पेठेतल्या आमच्या जुन्या गोदामातला संगणक पाण्याखाली गेला, वह्याही गेल्या. शेतकऱ्यांनी आपापल्या घरून पट्ट्यांच्या प्रती आणून दिल्या, त्यावरून आम्ही ते वर्ष पुन्हा उभं केलं. ज्यांच्या घरात चिखल होता तेही आले होते. तो हिशेब माझ्या हातून पुन्हा जाऊ द्यायचा नाही.

विंडोजला धक्का न लावता हे होईल का? होणार असेल तर कोणत्या क्रमाने करू?

प्रतिसाद, मिरजेहून

ताई, एवढ्या कामासाठी डब्ल्यूएसएल का नाही बघत? विंडोजच्या आतच उबुंटू चालतं, पार्टिशन, म्हणजे डिस्कचे वेगळे भाग, करायची गरज नाही. शेल स्क्रिप्ट आणि सी दोन्ही होतील.

धागाकर्ती

दादा, तेही पाहिलं. स्क्रिप्टपुरतं ठीक आहे. पण अभ्यासक्रमात पार्टिशन माउंट करणं, बूट कसं होतं ते समजून घेणं, सर्व्हिसेस, हे सगळं आहे. ते खऱ्या डिस्कवर करून पाहायचं आहे. शिवाय रॅमची ओढाताण तिथेही राहतेच.

प्रतिसाद, साताऱ्याहून

ताई, होईल. घाबरू नका, पण क्रम मोडू नका. मी स्वतः याच निळ्या पडद्यातून गेलो आहे.

विंडोज बिघडलेलं नाही. ते बसवताना डिस्क आरएसटीवर होती, म्हणून सुरू होताना ते तोच ड्रायव्हर उचलतं. एएचसीआयचा ड्रायव्हर त्याच्याजवळ असतो, पण सुरुवातीलाच वापरायचा आहे हे त्याला माहीत नसतं. सेफ मोडमध्ये एकदा उठवलं की ते स्वतः जुळवून घेतं.

सगळ्यात आधी टॅलीचं डेटा फोल्डर बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या आणि दुसऱ्या संगणकावर उघडून चार पट्ट्या तपासा. नुसती कॉपी झाली यावर थांबू नका.

मग सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' (डिस्कवरच्या डेटाचं कुलूप) चालू आहे का ते बघा. होम आवृत्तीतही पुष्कळदा ते आपोआप चालू असतं. असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून उतरवून कागदावर लिहा आणि मग एन्क्रिप्शन बंद करा. पूर्ण उलगडेपर्यंत चार्जर काढू नका.

आता मोड. विंडोजमध्ये 'एमएसकॉन्फिग' उघडा, 'बूट' टॅबवर 'सेफ बूट' आणि 'मिनिमल' निवडा. रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जा, साटा मोड एएचसीआय करा. विंडोज सेफ मोडमध्ये उठेल. तिथे पिन चालेलच असं नाही, खात्याचा पासवर्ड पाठ ठेवा. आत गेल्यावर एमएसकॉन्फिगमधली खूण काढा आणि पुन्हा रीस्टार्ट करा. सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) मात्र चालूच ठेवा, उबुंटू त्यासकट चालतं.

जागेचं असं आहे की हायबरनेशनची फाइल, पेजफाइल आणि रिस्टोअर पॉइंट जागचे हलत नाहीत. ते ड्राइव्हच्या मध्यावर बसले असतील तर श्रिंक तिथेच अडतं. तिन्ही तात्पुरते बंद करा, रीस्टार्ट करा, मग ८० जीबी सुटते का बघा. नंतर पेजफाइल आणि रिस्टोअर पुन्हा चालू करा. हायबरनेशन बंदच राहू द्या. त्याच्याबरोबर फास्ट स्टार्टअपही जातं आणि ते गेलेलंच बरं, नाहीतर विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं आणि उबुंटूला तो ड्राइव्ह नीट लिहिता येत नाही.

इन्स्टॉल करताना 'विंडोजच्या शेजारी' हा पर्याय आला तर तोच घ्या. हाताने पार्टिशन करावं लागलं तर छोटं ईएफआय पार्टिशन तेच वापरा, पण त्याच्या फॉरमॅटवर खूण करू नका. दोन्ही सिस्टीमचे बूटलोडर, म्हणजे त्या सुरू करणारे छोटे प्रोग्रॅम, तिथेच राहतात. ती एक खूण चुकली तर विंडोज उठणार नाही.

प्रतिसाद, इस्लामपूरहून

वरचं सगळं बरोबर. एक भर घालतो: लॅपटॉपमध्ये दुसऱ्या एसएसडीची जागा असेल तर उबुंटू तिच्यावर टाका. विंडोजच्या डिस्कला हात लावायची वेळच येणार नाही.

धागाकर्ती, चार दिवसांनी

दुसऱ्या डिस्कची जागा माझ्या लॅपटॉपमध्ये नाही, खालचं झाकण उघडून पाहिलं. म्हणून साताऱ्याच्या दादांच्या क्रमाने गेले. शनिवारी रात्री बसले, म्हणजे रविवार हाताशी राहील.

एन्क्रिप्शन खरंच चालू होतं, मला पत्ताच नव्हता. ते उलगडायला बराच वेळ लागला, तोवर स्वयंपाक उरकला. सेफ मोडमध्ये पिन चालला नाही, पासवर्ड लागला. तो आधी वहीत लिहिला होता म्हणून निभावलं. एएचसीआयवर विंडोज पहिल्या फटक्यात उठलं. श्रिंकला या वेळी ११२ जीबी मिळाली, मी ८० घेतली. उबुंटू बसलं, विंडोजही उठतं आणि टॅलीतल्या पट्ट्या जागच्या जागी आहेत.

आता दोन गोष्टी राहिल्या. उबुंटू वापरून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागे दिसतं. सोमवारी सकाळी दहाला आबांनी लॅपटॉप उघडला तर साडेचार वाजलेले. दुसरं, सुरू करताना काळ्या पडद्यावर यादी येते आणि आबा गोंधळतात. त्यांना बटण दाबलं की सरळ विंडोज दिसायला हवं.

प्रतिसाद, साताऱ्याहून

अभिनंदन ताई! घड्याळाचं कारण सोपं आहे. उबुंटू आतल्या घड्याळात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण वेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, म्हणून तेवढाच फरक. उबुंटूच्या टर्मिनलमध्ये 'टाइमडेटसीटीएल' ही आज्ञा 'सेट-लोकल-आरटीसी १' या पर्यायासह द्या.

आबांसाठी बायोसच्या बूट क्रमात 'विंडोज बूट मॅनेजर' सगळ्यात वर न्या, यादी येणारच नाही. तुम्हाला उबुंटू हवं तेव्हा सुरू करतानाच बूट मेनूची कळ दाबा. बहुतेक लॅपटॉपवर ती एफ१२ किंवा एफ९ असते.

धागाकर्ती

दोन्ही केलं. माझ्या लॅपटॉपवर एफ९ आहे. आज दुपारी आबांनी स्वतः लॅपटॉप सुरू करून तीन पट्ट्या छापल्या, वेळ बरोबर होती. मी आता जेवणं झाली की एफ९ दाबून बसते. दादा, तुमचे मनापासून आभार.