आयसीयूत काम करायचं तर दरवर्षी फ्लूची लस घ्यायचीच: हा नियम हवा की नको?

जंतूताई
आधीच सांगते, मी सक्तीच्या बाजूची आहे. शिव्या घालायच्या तर शेवटपर्यंत वाचून घाला.

पुण्यातल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात मायक्रोबायोलॉजीत २१ वर्षं काढली, त्यातली शेवटची ९ इन्फेक्शन कंट्रोलमध्ये, म्हणजे रुग्णालयातच होणारा संसर्ग रोखणाऱ्या विभागात. थोडक्यात, "हात धुतले का?" असं विचारत वॉर्डावॉर्डांतून हिंडणारी आणि म्हणून कुणालाच न आवडणारी बाई. दर एप्रिल-मेमध्ये फ्लूच्या लसीची खोकी यायची. कर्मचाऱ्यांना फुकट. नोटीस लागायची, मेट्रन राउंडला सांगायच्या, आणि जून संपला तरी निम्मी खोकी फ्रीजमध्येच. सगळ्यांत मोठे चुकार कोण, तर डॉक्टर. "अहो मॅडम, आम्हाला रोज एवढे व्हायरस भेटतात, आमची इम्युनिटी बघा." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की बोलणाऱ्याचं तोंड उघडायच्या आत मला ते पाठ असायचं.

एका ऑगस्टात एमआयसीयूतला (मेडिकल आयसीयू) एक रेसिडेंट डॉक्टर अंगात कणकण असताना दोन दिवस राउंड घेत राहिला. पॅरासिटामॉल खिशात. तिसऱ्या दिवशी स्वॅब पॉझिटिव्ह. त्या आठवड्यात त्याच युनिटमधले ३ पेशंट पॉझिटिव्ह निघाले, त्यातल्या एक आजी गेल्या. त्यानेच दिला का? सांगता येत नाही. भेटायला आलेल्या नातवानेही दिला असेल. असं कधीच सिद्ध होत नाही, म्हणून तर कुणाला टोचणी लागत नाही.

"मला ताप आला तर मी येणार नाही" हे उत्तरही पुरत नाही. लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासून माणूस फ्लू पसरवू शकतो. १९९३-९४ च्या हिवाळ्यानंतर ग्लासगोत रुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांचं रक्त तपासलं, तर २३ टक्क्यांना फ्लू होऊन गेलेला होता. त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांना तो झाल्याचं आठवतही नव्हतं!

सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाने २००५ मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा अशी अट घातली. पहिल्याच वर्षी ९७ टक्क्यांच्या वर लसीकरण. नोटिशीने जे होत नाही ते नियमाने झालं.

माझं म्हणणं सरसकट नाही. आयसीयू, एनआयसीयू (नवजात बाळांचं आयसीयू), डायलिसिस, कॅन्सर आणि ट्रान्सप्लांट एवढ्याच ठिकाणी अट घाला. ज्याला लस नको त्याला तेवढे तीन-चार महिने दुसरीकडे ड्युटी. नोकरी कुणाची घ्यायची नाही.

तिसरी_नाईट
ताई, मी स्टाफ नर्स, ११ वर्षं, त्यातली ७ कंत्राटी. आज सलग तिसरी नाईट आहे, म्हणून जरा तिखट लिहिते.

रेसिडेंट कणकण घेऊन का आला, हे विचारलंत का त्याला? त्याच्या जागी उभं राहायला कुणी नव्हतं म्हणून आला. आमच्यात कंत्राटी सिस्टरला सिक लीव्ह नाही. गेलं नाही तर दिवस कापतात, आणि दोन दिवस गेलं नाही तर इन्चार्ज पुढच्या महिन्याच्या ड्युट्या अशा लावते की पुन्हा आजारी पडायची छाती होत नाही. गेल्या पावसाळ्यात १०१ ताप घेऊन मी १२ बेड सांभाळलेत. तेव्हा इन्फेक्शन कंट्रोलवाल्या आल्या होत्या. माझे हात धुतलेले आहेत का बघून गेल्या.

लस घ्यायला माझी ना नाही, घेतेच मी. पण सक्तीचं पत्र निघालं की ते आधी आम्हाला लागतं, मग मावशींना, मग वॉर्डबॉयला. व्हिजिटिंग कन्सल्टंटच्या, म्हणजे बाहेरून येऊन पेशंट बघणाऱ्या मोठ्या डॉक्टरच्या नावाने पत्र निघालेलं मी अजून पाहिलं नाही. तो चार हॉस्पिटलांतून जंतू फिरवत येतो, त्याची ड्युटी कुठे बदलणार?

अर्धा_चहा
शेवटच्या परिच्छेदाला +१००.

शंकासुर
मी डॉक्टर नाही, सांख्यिकी शिकवतो. लस वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. पण सक्तीला जेवढा भक्कम पुरावा लागतो, तेवढा इथे आहे का?

या विषयात नेहमी पुढे केले जाणारे चार प्रयोग आहेत, ब्रिटन-फ्रान्समधल्या वृद्धाश्रमांतले आणि दीर्घकाळ भरती असलेल्यांच्या रुग्णालयांतले. त्यातला २००० सालचा स्कॉटलंडमधला घ्या. जिथे कर्मचाऱ्यांना लस देऊ केली तिथे १३.६ टक्के वृद्ध दगावले, जिथे नाही तिथे २२.४ टक्के. आकडे बघून कुणीही म्हणेल, झालं, आणखी काय हवं? पण त्याच अभ्यासात वृद्धांमध्ये फ्लूचा विषाणू सापडण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच होतं. मग मृत्यू कमी झाले ते कशामुळे? फ्लू तेवढाच आणि मरणं मात्र कमी, हे गणित जुळत नाही.

२०१७ मध्ये क्यूबेकच्या गास्तों द सेर आणि सहकाऱ्यांनी हे चारही अभ्यास उलगडून पाहिले. ८ कर्मचाऱ्यांना लस दिली की १ मृत्यू टळतो असा अर्थ त्यातून निघत होता. तोच हिशेब अख्ख्या अमेरिकेला लावला तर फ्लूने जेवढी माणसं दरवर्षी मरतात त्याहून जास्त वाचायला हवीत! त्यांच्या मते खरा आकडा ८ नव्हे, ६,००० ते ३२,००० च्या घरात असावा. आणि हे द सेर लसविरोधक नाहीत, आयुष्य लसीकरणातच घालवलेला माणूस आहे.

शिवाय लस त्या वर्षीच्या विषाणूशी जुळली तर ४० ते ६० टक्के संरक्षण. २०१४-१५ च्या हंगामात अमेरिकेत ते १९ टक्क्यांवर आलं होतं. अशा लसीसाठी कुणाची ड्युटी बदलायची?

सोमवार_बुधवार_शुक्रवार
नावावरून ओळखलं असेलच. वडील डायलिसिसवर आहेत, आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास. टेक्निशियन सुई लावताना त्यांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असतो.

शंकासुर, तुमचा हिशेब कळला. पण ६,००० ते ३२,००० हा आकडा वृद्धाश्रमांचा. माझ्या वडिलांनी लस घेतली आहे, तरी नेफ्रॉलॉजिस्टनी सांगितलंय की डायलिसिसच्या पेशंटमध्ये ती नीट उतरत नाही. म्हणजे ज्यांना सर्वांत जास्त गरज त्यांनाच तिचा उपयोग कमी. मग आजूबाजूच्यांनी घेण्यावाचून दुसरा मार्ग काय?

मागे आमचा टेक्निशियन खोकत होता. मी जरा आवाज चढवूनच बोललो. तो म्हणाला, "साहेब, आज घरी राहिलो तर तुमच्या बाबांना मशिनला कोण लावणार? आणि माझे पैसे कापतील ते वेगळंच." मला पुढे बोलता आलं नाही. तिसरी_नाईट ताईंचं म्हणूनच पटतं. पण मला दोन्ही हवंय, रजाही आणि अटही. आधी रजा, मग लस असं म्हणत बसलो तर रजा मिळेस्तोवर माझे बाबा असतील का?

सिंहगड_रोडकर
आमच्या भागात जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसची (गियाँ-बारे, नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडतात तो आजार) साथ आली, दोनशेच्या वर पेशंट. समोरच्या बिल्डिंगमधला मुलगा व्हेंटिलेटरवर होता. फ्लूच्या लसीने जीबीएस होतो असं वाचलंय. सक्ती करणारे जबाबदारी घेणार का?

जंतूताई
@सिंहगड_रोडकर, भीती समजू शकते. तुमच्याकडची साथ पाण्यातून आली, कॅम्पायलोबॅक्टर नावाच्या जिवाणूमुळे. लसीचा तिच्याशी संबंध नाही. पण तुम्ही वाचलंय ते हवेतलंही नाही. १९७६ मध्ये अमेरिकेत स्वाइन फ्लूची लस साडेचार कोटी लोकांना दिली, तेव्हा साधारण लाखात एकाला जादा जीबीएस झाला आणि मोहीम थांबवावी लागली. आताच्या हंगामी लसीत हा धोका दहा लाखांत एक-दोन एवढा धरतात. खुद्द फ्लू झाल्यावरही जीबीएस होऊ शकतो, हे मात्र असल्या फॉरवर्डमध्ये नसतं. जबाबदारीचं म्हणाल तर बरोबर आहे तुमचं. सक्ती करणाऱ्याने नुकसानभरपाई लेखी द्यायला हवी.

@शंकासुर, त्या चार अभ्यासांवर मीही भिस्त ठेवत नाही. पण पुरावा कच्चा आहे याचा अर्थ उपयोग नाही असा होत नाही. आयसीयूत असा प्रयोग करायला कोण धजणार? आणि ५० टक्के संरक्षण म्हणजे निम्मं की. निम्मी छत्री फाटकी आहे म्हणून पावसात कुणी ती घरी ठेवतं का?

शंकासुर
ठेवत नाही. पण फाटकी छत्री घेतली नाही म्हणून ऑफिसातून बाहेरही काढत नाही.

बर्फातली_मालवणी
टोरोंटोत नर्स आहे, मूळ गाव कुडाळजवळ. जंतूताई, व्हर्जिनिया मेसनची अर्धीच गोष्ट सांगितलीत तुम्ही! तिथल्या नर्सेसच्या युनियनने लवादाकडे दाद मागितली आणि जिंकली, २००७ मध्ये अपील कोर्टानेही तो निर्णय कायम ठेवला. युनियनशी न बोलता परस्पर अट घातली हा दोष होता. बाकीच्या स्टाफला नियम लागू, नर्सेसना लागू नाही, असं झालं.

आमच्याकडे कॅनडात वेगळाच प्रकार होता. लस घ्या, नाहीतर फ्लूच्या अख्ख्या सीझनमध्ये मास्क लावा. ब्रिटिश कोलंबियात २०१२ पासून, ऑन्टारिओतही काही हॉस्पिटलांत. दिसायला सोपं. प्रत्यक्षात मास्क म्हणजे कपाळावरचा शिक्का झाला, "ही बघा, न घेतलेली." युनियन लढली. २०१५ मध्ये सू सेंट मरीच्या हॉस्पिटलविरुद्ध आणि २०१८ मध्ये टोरोंटोच्या सेंट मायकेल्सविरुद्ध निकाल लागला. मुद्दा साधा होता. लस घेतलेल्यांपैकीही बऱ्याच जणांना फ्लू होऊ शकतो, मग मास्कने खरंच फ्लू थांबतो तर तो सगळ्यांनी लावावा, आणि थांबत नसेल तर कुणालाच का लावायला लावता? शंकासुरांच्या त्या द सेरांचीच साक्ष तिथे उपयोगी पडली. ब्रिटिश कोलंबियानेही २०१९ मध्ये नियम सोडला.

मी दरवर्षी घेते. ब्रेकरूममध्ये ट्रे घेऊन येतात, चहा पिता पिता दंड पुढे करायचा. कुणी हुकूम सोडला असता तर आमच्या मालवणी डोक्याने नक्की नाही म्हटलं असतं.

कोर्टाची_पायरी
थोडं कायद्याचं. २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने कोविड लसीच्या प्रकरणात सांगितलं की राज्यघटनेच्या कलम २१ नुसार (जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) कुणालाही बळजबरीने लस देता येणार नाही. पण सार्वजनिक आरोग्यासाठी लस न घेणाऱ्यांवर काही निर्बंध घालता येतात, ते प्रमाणात असतील तर. त्या वेळचे निर्बंध प्रमाणात नाहीत असंही म्हटलं. तेव्हा जंतूताईंची "सुई नको तर ड्युटी दुसरीकडे" ही रचना निदान त्या दिशेची आहे. पण बदलीने पगार, नाईट भत्ता किंवा बढती कमी झाली तर ती शिक्षाच ठरेल. हे लेखी टाकल्याशिवाय मी कुणाला सही करू देणार नाही.

जाता जाता: हेपॅटायटिस बीची लस नोकरीला लागतानाच मागतात, तिच्यावर असा धुरळा का उडत नाही?

तिसरी_नाईट
कारण ती माझ्यासाठी असते. सुई टोचली तर मी वाचते. एकदा कोर्स केला की सुटका. ही दरवर्षी, आणि दुसऱ्याच्या नावाने.

आमच्या वॉर्डच्या मावशींचं सांगते. गळ्यात तुळशीची माळ, दरवर्षी आळंदी ते पंढरपूर पायी. लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात हे कुणीतरी त्यांना सांगितलं. झालं, आता हात लावू देत नाहीत. कामाला वाघ आहेत. त्यांना आयसीयूतून काढलंत तर पेशंटचं काय होईल ते मला विचारा.

जंतूताई
मावशींना सूट द्यायची. त्यात काय विचारायचं?

शंकासुर
म्हणजे पहिल्याच माणसाला नियम वाकला. उद्या अर्धी आयसीयू माळ घालून येईल.

जंतूताई
येऊ दे. व्हर्जिनिया मेसनमध्येही धार्मिक आणि वैद्यकीय सूट होती, घेणारे १ टक्कासुद्धा नव्हते. खरी अडचण असणारा माणूस आणि आळशी माणूस यांच्यातला फरक वॉर्डात सगळ्यांना माहीत असतो.

तिसरी_नाईट
ताई, एक विचारू? तुमच्या त्या फुकट लसीचा कॅम्प किती वाजता असायचा?

जंतूताई
सकाळी ११ ते १. कॉन्फरन्स रूममध्ये, तिसऱ्या मजल्यावर.

तिसरी_नाईट
नाईट सुटते ८ ला. ११ पर्यंत काय करायचं, जिन्यात झोपायचं? घरी पोरगं शाळेला निघायचं असतं. मॉर्निंगवालीला ११ ला राउंड. बेड सोडून तिसऱ्या मजल्यावर कोण पाठवतं?

अर्धा_चहा
😶

जंतूताई
दोन तास झाले हा प्रतिसाद लिहून खोडतेय. ९ वर्षं फ्रीजमधली शिल्लक खोकी मोजली, पण वेळ कुणाच्या सोयीची आहे हे एकदाही विचारलं नाही. व्हॅक्सिन कॅरियर (लसीची थंड पेटी) घेऊन रात्री २ ला वॉर्डावॉर्डांतून फिरायला हवं होतं. सिस्टर आणि मावशींच्या बाबतीत माझा हट्ट मी मागे घेते. आधी रजा आणि वॉर्डात येणारी सुई, दोन पावसाळे तसं करून बघू.

पण तो रेसिडेंट आणि तुमचा तो चार हॉस्पिटलांतून फिरणारा कन्सल्टंट, यांच्या खिशात लस नेऊन ठेवली तरी ते घेणार नाहीत. त्यांना कुणी दिवस कापत नाही, त्यांना कुणी जिन्यात झोपवत नाही. त्यांच्यासाठी मला अजूनही नियमच हवा आहे, आणि पहिलं पत्र त्यांच्याच नावाने निघायला हवं.

तिसरी_नाईट
ते पत्र निघालं की फोटो टाका इथे. चला, सहाचे बीपी घ्यायचेत.