मदत हवी आहे: कोरकू मुलं मराठी धडाधड वाचतात, पण कळत काहीच नाही

नमस्कार मंडळी,

मी मेळघाटात, धारणी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर आहे. चौथीपर्यंतची द्विशिक्षकी शाळा. पहिली आणि तिसरी माझ्याकडे. पटावरची जवळजवळ सगळी मुलं कोरकू आदिवासी. घरी, शेतात, नदीवर कोरकू; धारणीच्या बाजारात हिंदी, कारण मध्य प्रदेशची हद्द हाकेच्या अंतरावर; आणि मराठी फक्त माझ्या तोंडून. मी मूळचा सातारा भागातला, त्यामुळे माझी मराठी त्यांना वऱ्हाडीपेक्षाही परकी.

अडचण नेमकी काय, ते एका उदाहरणाने सांगतो. तिसरीतली एक मुलगी. जोडाक्षरांसकट वाचते, अडखळत नाही. परवा तिने उतारा वाचला: 'आई बाजारात गेली. तिने बांगड्या आणल्या.' मी विचारलं, बाजारात कोण गेलं? तिने पहिलं वाक्य पुन्हा वाचलं. आईने काय आणलं? दुसरं वाक्य वाचलं. मी पुस्तक मिटलं आणि तेच विचारलं, तर ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. बरं, मुलगी मंद अजिबात नाही. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना ती मोहाखाली दिसलेल्या अस्वलाची हकिगत सांगत होती, तेव्हा हातवारे, आवाज, ताईंचे मधले प्रश्न, सगळं रंगलं होतं. मला त्यातलं 'सिटा' म्हणजे कुत्रा एवढंच समजलं.

वरून 'निपुण'चा, म्हणजे पायाभूत वाचन-गणिताच्या सरकारी अभियानाचा, रेटा आहे. शब्द, वाक्य, मिनिटाला किती वाचलं, याच्या नोंदी मागतात. त्या हिशेबात ही मुलगी पुढे आहे! पहिलीची पोरं तर दिवाळीपर्यंत तोंडच उघडत नाहीत.

मला विचारायचंय ते असं. पहिलीत अक्षरओळख थांबवून आधी नुसतं मराठी बोलणं घ्यावं का, आणि घ्यायचं तर किती दिवस? मला कोरकू येत नसताना कोरकूतून सुरुवात कशी करायची? आणि तिसरीच्या या मुलांचं काय, त्यांना परत मागे न्यायचं का? पुस्तकी सल्ल्यापेक्षा वर्गात करून पाहिलेलं कुणी सांगितलं तर फार बरं होईल.

सातपुड्यातला_मास्तर:
सर, नोकरीतली बरीच वर्षं धडगाव भागात पावरी बोलणाऱ्या मुलांत काढली. तुमची मुलगी मला डोळ्यांसमोर दिसली.

पहिलं म्हणजे पहिलीच्या मुलांच्या गप्प राहण्याने घाबरू नका. दुसरी भाषा कानावर पडू लागली की मूल बराच काळ फक्त साठवत असतं. त्या काळात 'बोल, बोल' करून मागे लागलो की ते आणखी मिटतं. बोलायला न लावता समजलंय की नाही ते पाहता येतं. ऊठ, दाराला हात लाव, लाल खडू सरांना दे, खडू पिशवीत लपव. आधी मास्तरने स्वतः करून दाखवायचं, मग सगळ्यांनी मिळून, मग एकेकट्याने. मी आपला खेळ म्हणून करायचो, नंतर एका प्रशिक्षणात कळलं की जेम्स ॲशर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1960 च्या दशकात याचीच पद्धत बसवली होती. महिनाभरात पोरं स्वतःच हुकूम सोडू लागतात, आणि पहिलं मराठी वाक्य बहुधा मास्तरलाच 'बसा' म्हणण्याचं असतं.

अक्षरं मात्र थांबवू नका. फक्त ती मराठी शब्दांतून देऊ नका. कोरकू देवनागरीत लिहिता येते, मग 'क' कमळाचा कशाला? मेळघाटातल्या किती पोरांनी कमळ पाहिलंय? त्यांच्याकडूनच शब्द घ्या आणि फळ्यावर लिहा. अक्षर म्हणजे आवाज आणि आवाजांचा मिळून आपल्याला ठाऊक असलेला शब्द, ही गोष्ट एकदा डोक्यात बसली की ती कुठल्याही भाषेत बसते. ते वाचन मराठीला आयतं मिळतं.

वऱ्हाडी_ठेचा:
राजेहो, हे सगळं ठीक हाय, पण चाचणी मराठीतच होते ना! पाचवीले पोट्टं आश्रमशाळेत गेलं का तिथं कोन इचारते कोरकू? मायबापालेच इचारून पाहा, थे म्हनतीन का आमची भाषा घरी हाय, तुमी मराठी शिकवा, जमलं तं इंग्रजी शिकवा. मंग त्यात टाइम काऊन घालवाचा?

भाषावेडी:
ठेचा भाऊ, पालकांचं म्हणणं चूक नाहीच. मराठी यायलाच हवी. वाद फक्त मराठीपर्यंत जायचं कुठून एवढाच आहे. आणि कागदावर तर सगळं आधीपासून आहे: भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय व्हावी, हे कलम 350 अ 1956 मध्ये सातव्या घटनादुरुस्तीने आलं. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा म्हटलंय. ओडिशाने 2007 मध्ये दहा आदिवासी भाषांतून पहिलीचे वर्ग सुरू केले.

धागाकर्त्यांना एक सांगावंसं वाटतं. कोरकू ही मराठीची बोली नाही, हे सरांना ठाऊक असणार, पण वरच्या साहेबांना अनेकदा नसतं. ती मुंडा भाषागटातली, म्हणजे झारखंड-ओडिशाकडच्या संताळी-मुंडारीची नातलग. मराठी आणि हिंदी एकमेकींना जितक्या जवळ, तितकी कोरकू या दोघींनाही नाही. कोरकूत नामांचे सजीव-निर्जीव असे दोन वर्ग पडतात. आपल्यासारखी तो-ती-ते ही तीन लिंगं नाहीत. त्यामुळे मुलं 'ती रस्ता', 'माझा वही' म्हणतील, आणि बराच काळ म्हणत राहतील. तिथे दरवेळी टोकू नका. 'माझा वही हरवला' म्हटलं तर 'अरे, तुझी वही हरवली? कुठे ठेवली होतीस?' असं बरोबर रूप गप्पांतूनच कानावर घाला. 'तिने पोळी खाल्ली, भात खाल्ला' हा, जे खाल्लं त्याच्या लिंगाप्रमाणे क्रियापद बदलण्याचा, प्रकार सगळ्यात शेवटी येईल, त्याची चिंता आत्ता नको.

सोपं जाणारंही पुष्कळ आहे. क्रियापद दोन्हीकडे वाक्याच्या शेवटी येतं. आणि 'आपण' व 'आम्ही' यांतला फरक, जो हिंदीवाल्यांना डोकेदुखी वाटतो, तो कोरकूत आहेच. तो तुमच्या मुलांना लगेच उमगेल, करून बघा.

तिसरीच्या मुलीबद्दल: कॅनडातले जिम कमिन्स यांनी बोलण्यापुरती भाषा आणि अभ्यासाची भाषा असा भेद केला. पहिली साधारण दोनेक वर्षांत येते, दुसरीत बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागतात, तीही आजूबाजूला ती भाषा असताना. इथे तर आजूबाजूला मराठी नाहीच. म्हणजे ही मुलगी मागे पडलेली नाही, तिला मधली पायरीच मिळालेली नाही.

टेक्सासची_आत्या:
आमच्या इथल्या रविवारच्या मराठी शाळेतही अशी मुलं आहेत, देवनागरी वाचतात आणि अर्थ विचारला की खांदे उडवतात, त्यामुळे अगदी समजू शकते. आम्ही एकच गोष्ट कित्येक आठवडे...

सातपुड्यातला_मास्तर:
ताई, राग नको, पण दोन्हींत फरक आहे. तुमच्या मुलाला मराठी नाही आली तर आजी हळहळेल. इथल्या मुलाला नाही आली तर गणित, परिसर अभ्यास, सगळंच बुडतं.

टेक्सासची_आत्या:
मान्य. तरी एक गोष्ट अनेक आठवडे चालवण्याचं तंत्र तेवढं घ्या :)

मेळघाटकर:
सर, मी कोरकू आहे, चिखलदरा तालुक्यातला, आता अमरावतीला नोकरी करतो. असंच धडाधड वाचून मी चौथीपर्यंत पोचलो होतो. आमचे गुरुजी 'समजलं का?' विचारायचे आणि आम्ही सगळे एका सुरात 'होऽऽ' म्हणायचो. तो 'हो' म्हणजे आता पुढे जा, एवढाच होता. तेव्हा 'समजलं का' हा प्रश्न बंदच करा. त्याऐवजी चित्र काढायला सांगा, नाहीतर करून दाखवायला सांगा.

दुसरं, तुमच्या शाळेत कोरकू शिकवू शकणारं माणूस आधीच आहे. त्या स्वयंपाकवाल्या ताई. अंगणवाडीची बाईही गावातलीच असेल. मुलीने अस्वलाची गोष्ट ज्यांना सांगितली त्यांनाच वर्गात बसवा, रोज अर्धा तास. मुलीने कोरकूत सांगावं, ताईंनी तुम्हाला हिंदीत सांगावं, तुम्ही फळ्यावर कोरकू वाक्य लिहा आणि खाली त्याच गोष्टीचं मराठी. शब्दाला शब्द नको, गोष्टीला गोष्ट. लिहिताना काही शब्दांच्या शेवटी गळ्यात आवाज अडतो, तो देवनागरीत नीट पकडता येत नाही. मुलं ठरवतील तसं लिहा, फक्त दरवेळी तसंच लिहा.

आणि तुम्ही स्वतः कोरकू शिका, मुलांसमोर, चुकत. 'कोरो' म्हणजे माणूस आणि 'कू' लागला की अनेक माणसं, त्यावरूनच आमचं नाव. गुरुजींचा उच्चार चुकला की वर्ग जो हसतो ना, त्यानंतर मराठीत चुकायची भीती निम्मी होते.

ठेचा भाऊ, मायबाप काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, माझेही तेच म्हणायचे. पण वर्गात काय चालतं हे त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं.

वऱ्हाडी_ठेचा:
बरं भाऊ, तुमचं पटलं. पन साहेबाची नोंद कशी भरतीन थे सांगा, मास्तरची नोकरी हाय शेवटी.

सातपुड्यातला_मास्तर:
नोंद भरावीच लागते. वाचनाच्या वेगाचा रकाना भरा आणि त्याच वहीत आणखी एक रकाना स्वतः आखा: ऐकून समजलं का, पाहिलं कसं. केंद्रप्रमुख आले की त्यांच्यासमोर मुलीला वाचायला लावा, आणि पुस्तक मिटून प्रश्न त्यांनाच विचारू द्या. माझ्याकडे एक साहेब आले होते, त्यांनी स्वतःच खडू हातात घेतला होता. सगळे तसे निघतील असं नाही.

तिसरीला मागे नेऊ नका. पहिलीच्या पुस्तकावर बसवलं तर अपमान होतो. तिला जे सांगायचंय तेच तिचं वाचनाचं पुस्तक करा. मेळघाटकरांनी सांगितलंय तसं अस्वलापासून सुरू करा. बालभारतीचा धडा घ्यायचा त्या दिवशी आधी ताईंकडून त्याची गोष्ट कोरकूत सांगून घ्या, मग पुस्तक उघडा. धड्यात काय होणार हे माहीत असलं की अनोळखी शब्दांचा अंदाज मुलं आपोआप बांधतात.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. ताईंना विचारलं. आधी लाजल्या, 'मी काय शिकवणार, मला लिहिता येत नाही' म्हणाल्या. लिहिणं माझ्याकडे, सांगणं तुमच्याकडे, असं ठरलं. त्यांना या वेळेचं मानधन कुठून द्यायचं हा प्रश्न उरतोच. शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवतोय. कुणी असा ठराव करून घेतला असेल तर त्याचा मसुदा टाका.

काल अस्वलाची गोष्ट फळ्यावर आली. मी एक शब्द चुकीचा लिहिला म्हणून त्याच मुलीने उठून डस्टर घेतलं. खालचं मराठी अजून तिला जड जातंय, पण 'अस्वल कुठे होतं?' याला तिने 'झाडखाली' असं उत्तर दिलं. पुस्तकात न बघता.

मेळघाटकर, कोरकू गोष्टींची तुमच्या आजीच्या वगैरे आवाजातली रेकॉर्डिंग असतील तर पाठवाल का? गावात नेटवर्क नाही, धारणीला गेलो की उतरवून घेईन.

मेळघाटकर:
होळीला गावी जातोय, आईकडून दोन-तीन रेकॉर्ड करून आणतो. पालकसभाही तेव्हाच ठेवा सर. बाहेर कामाला गेलेले सगळे होळीला परत येतात, नंतर पुन्हा कुणी सापडत नाही. आणि सभेत फळ्यावरची ती गोष्ट मुलीकडूनच वाचून घ्या, दोन्ही भाषांत.