नाताळसाठी आयरिश कॉफी: क्रीम वर का तरंगत नाही?

प्रश्न: नाताळच्या रात्री पाहुण्यांसाठी आयरिश कॉफी करण्याचा विचार आहे, मात्र काल करून पाहिली तेव्हा क्रीम वर न तरंगता कॉफीत मिसळले आणि पेल्यात नुसता गढूळ तपकिरी रंग उरला. काय चुकले असावे?

उत्तर १: आपण साखर वगळली होती का? साखरेमुळे कॉफीची घनता वाढून क्रीम तिच्यावर टिकते, म्हणून १२० मिली गरम कॉफीत दोन चमचे ब्राउन शुगर पूर्ण विरघळवून मगच ४० मिली आयरिश व्हिस्की घालावी.

उत्तर २: क्रीम थंडगार असावे, जेमतेम ओघळेल इतकेच घुसळावे आणि चमच्याच्या पाठीवरून हळूच सोडावे. नंतर मुळीच ढवळू नये. थंड क्रीममधून गरम कॉफीचा घोट येणे, हेच तर त्यातले सुख!

प्रश्नकर्ता: साखर खरोखरच घातली नव्हती. आभारी आहे.