विषय: इंग्रजीच्या वर्गात सगळ्यांना बोलतं कसं करावं?

नमस्कार मंडळी,
इंग्रजी वर्गावर येणाऱ्या नव्या स्वयंसेवकांसाठी विचारते आहे. मिश्र पातळीच्या वर्गात दोघे-तिघेच बोलतात, बाकीचे ऐकत बसतात. यावर नेमकं काय करावं? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

————

ताई, नमस्कार.
आधी प्रश्न विचारून थांबायला शिकावं. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षणसंशोधक बाईंनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांचा अभ्यास केला. शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत. तीन सेकंद थांबू लागले तशी उत्तरं लांबली, गप्प बसणारेही बोलू लागले. परक्या भाषेत तर पाच-सात सेकंद द्याच. तेवढ्यात प्रश्न शब्द बदलून पुन्हा विचारू नका. ऐकणाऱ्याला तो नवाच प्रश्न वाटतो आणि मनातली जुळवाजुळव मोडते.

नुसतं 'जोडीत बोला' म्हटल्याने कुणी बोलत नाही. एकाजवळची माहिती दुसऱ्याजवळ नसली तरच विचारावं लागतं. बसच्या वेळापत्रकाच्या दोन प्रती काढा; एकीतल्या सहा वेळा खोडा, दुसरीतल्या वेगळ्या सहा. 'व्हॉट टाइम डज द बस टू… लीव्ह?' हा साचा फळ्यावर लिहून सगळ्यांकडून म्हणून घ्या आणि काम निम्म्यावर आलं की पुसून टाका. घोळ हमखास इथे होतो: लोक कागद एकमेकांपुढे धरतात आणि मुकाट्याने उतरवून मोकळे होतात. म्हणून पाठीला पाठ लावून बसवा. सूचना देण्यापेक्षा एकाला पुढे बोलावून करून दाखवा. 'समजलं का?' याला सगळेच हो म्हणतात. 'कागद दाखवायचा का?' असं विचारा, लगेच कळतं.

————

दादांनी लिहिलेलं सगळं पटलं. व्याकरणासाठी डिक्टोग्लॉसची, म्हणजे ऐकलेला उतारा जोडीने पुन्हा लिहून काढण्याची, जोड द्या, हा माझा आग्रहच आहे.

ओळखीच्या शब्दांतला पन्नास-साठ शब्दांचा उतारा घ्या. पहिल्या वाचनाला पेन खाली. दुसऱ्या वेळी नेहमीच्याच वेगाने वाचा. फक्त महत्त्वाचे शब्द टिपू द्या. मग जोडीने उतारा पुन्हा उभा करायचा आणि शेवटी मूळ मजकुराशी ताडून पाहायचा. हळूहळू वाचलंत की त्याचं श्रुतलेखन होतं, सगळा फायदा जातो. हुशार मुलगा एकटाच लिहीत सुटतो, म्हणून जोडीला एकच पेन आणि दर वाक्याला ते दुसऱ्याच्या हाती.

मराठीभाषकांची 'अ' आणि 'द' ही इंग्रजी उपपदं (आर्टिकल्स) हटकून गळतात, कारण आपल्याकडे उपपदं नाहीत. मूळ उताऱ्याशी ताडताना ती गळलेली जागा त्यांची त्यांनाच दिसते. एका तासाला एकाच प्रकारची चूक धरा. बोलताना कुणी 'येस्टरडे शी गो' म्हणालं, तर नुसतं बरोबर वाक्य म्हणून दाखवलेलं पुष्कळदा त्याच्या लक्षातच येत नाही. 'येस्टरडे शी…' एवढं म्हणून थांबा, वाक्य त्याला पुरं करू द्या.

————

दोघांचे आभार. जोडीत मराठीत बोलले तर अडवावं का?

————

तयारी करताना मुळीच अडवू नका. काय सांगायचं ते मराठीत ठरलं की इंग्रजी वाक्यात जीव येतो. ठरलेलं वर्गापुढे मांडताना मात्र इंग्रजीच. अडलेला शब्द मराठीत विचारला तर लगेच सांगा आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. तास संपताना त्याच शब्दांची उजळणी घ्या.