पन्हाळ्याच्या चढाला गाडी मिसिंग मारते, प्लग की कॉइल?

प्रश्न
मंडळी, १.२ लिटरची चार सिलिंडर पेट्रोल गाडी आहे, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल (प्लगला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज देते ती). ४२ हजार किलोमीटर झालेत, प्लग कंपनीतून आलेलेच. कोल्हापुरात गावात फिरताना गाडी एकदम मऊ. वाघबीळच्या पुढं चढ लागला, तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की झटके मारते आणि इंजिनचा दिवा लुकलुकतो. स्कॅनरवर पी०३०२ कोड आला. गॅरेजवाले चारही कॉइल बदलायला सांगतायत. बदलू का?

उत्तर १
थांबा, चारही कशाला? पी०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचं मिसफायर, म्हणजे तिथं पेट्रोल नीट पेटत नाही, एवढंच. दोष कॉइलचा, प्लगचा की इंजेक्टरचा, हे कोड सांगत नाही. आणि दिवा लुकलुकत असताना गाडी ओढू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणारा भाग) जाऊन तिथं पेटतं, तो वितळला तर खर्च कॉइलच्या कितीतरी पट.

चढालाच का होतं? पाय दाबला की सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल जास्त भरतं, दाब वाढतो. दाबाखाली ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. झिजून प्लगचं अंतर (ठिणगी उडते ती टोकाची फट) वाढलं असेल किंवा कॉइल दमली असेल, तर सपाटीला भागतं, चढाला उघडं पडतं.

इंजिन थंड असताना दोन नंबरची कॉइल तीनवर, तीनची दोनवर लावा. कोड पुसा, तोच चढ चढवा. पी०३०३ आला तर कॉइल गेली. पी०३०२ च राहिला तर तसेच प्लग अदलाबदल करा. तरीही दोनवरच अडलं, तर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघावं लागेल. चालू इंजिनवर कॉइल उपसून ठिणगी बघायची जुनी सवय मात्र नको, हजारो व्होल्टचा झटका बसतो.

उत्तर २
प्लग काढणारच आहात तर तोंड नीट बघा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमी. ओलं, तेलकट असेल तर ऑइल वर येतंय. पांढराफटक, फोड आलेला असेल तर तापतोय.

साधे निकेल प्लग असतील तर ३०-४० हजारांत बदलायचेच असतात, त्यामुळं चारही नवीन टाका, त्यात काटकसर नको. अंतर गाडीच्या पुस्तकातलंच ठेवा, बहुतेक गाड्यांना ०.८ ते १.१ मिमीच्या दरम्यान असतं. सीएनजी किट असेल तर हे आणखी महत्त्वाचं, गॅसला ठिणगी जोरकस लागते, म्हणून मिसिंग आधी गॅसवर दिसतं.

बसवताना आटे हातानं धरवा, पाना नंतर. हेड (प्लग बसतो तो इंजिनचा वरचा भाग) अॅल्युमिनिअमचं, आटे गेले की काम वाढलं. वॉशरवाला नवीन प्लग हातानं टेकला की पुढं अर्ध्या फेऱ्याहून किंचित जास्त, बस्स.

प्रश्नकर्ता
कॉइल अदलाबदल केली, कोड दोनवरच राहिला. प्लग काढला. तोंड बरं आहे, पण वरच्या पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलीनं ओढल्यासारखी उभी काळी रेघ आहे, पुसून जात नाही. प्लगच्या खड्ड्यात तेलाचा ओलावाही आहे.

उत्तर १
सापडलं! ठिणगी टोकाला न जाता बाहेरच्या बाजूनं त्या रेघेवरून हेडला उतरते. प्लग बाद. पण तशीच रेघ कॉइलच्या रबरी बुटात (प्लगवर बसणारी रबरी नळी) आतून पडलेली असू शकते. जी कॉइल आता तीनवर आहे, तिचा बूट उलगडून उजेडात बघा. रेघ असेल तर बूट बदला, नाहीतर नवीन प्लगलाही तीच वाट मिळेल. नुसता बूट कोल्हापूरच्या उद्यमनगरात विचारा, मिळाला तर अख्खी कॉइल घ्यायला नको.

तेल बहुधा टॅपेट कव्हरच्या (इंजिनवरचं झाकण) सीलमधून येतंय. खड्डा पुसून सील बदलल्याशिवाय नवीन प्लग बसवू नका.